सीमाभागातील गावांची यादी संगणकावर करताना या चुका टाळा

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील गावांची नावे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत देणारी एक खुली यादी तयार व्हावी आणि ती नकाशावरही दाखवता यावी, यासाठी मी नोकरीतून उरलेल्या वेळात काम करतो. त्यासाठी वापरलेली साधने, म्हणजे पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा, लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच, छायाचित्रातील अक्षरे वाचणारे टेसरॅक्ट आणि लोकांनी मिळून केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा, सर्वांना खुली आहेत. पहिल्या तिन्हींची घडण आत शिरून पाहता येते, आणि ओपनस्ट्रीटमॅपची माहिती कोणालाही उतरवून घेता येते. या कामात ज्या चुका माझ्या हातून झाल्या आणि मदतीला आलेल्या विद्यार्थ्यांकडूनही होताना पाहिल्या, त्या येथे उपायांसह नोंदवीत आहे.

नाव हीच ओळख मानणे

सर्वांत महाग पडलेली चूक ही. दोन तक्ते जोडताना गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव हाच दुवा धरणे सोपे वाटते, परंतु आपल्या भागात नाव स्थिर नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी इंग्रजीतील ‘बेलगाम’ जाऊन ‘बेळगावी’ हे नाव अधिकृत झाले. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत जुने नाव आहे आणि त्यानंतरच्या बहुतेक तक्त्यांत नवे. मी हे दोन्ही नावावरून जोडले, तेव्हा ४७,७९,६६१ लोकसंख्येच्या जिल्ह्याची संपूर्ण ओळ रिकामी राहिली. संगणकाने कोणतीही तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे होती. त्याच दिवशी विजापूर, गुलबर्गा आणि हुबळी यांचीही अधिकृत नावे बदलली असल्याने संपूर्ण कर्नाटकाची माहिती हाताळणाऱ्यालाही हीच अडचण येते.

गावांच्या पातळीवर प्रश्न अधिक नाजूक होतो. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन स्वतंत्र गावे आहेत. इंग्रजी तक्त्यांत त्यांच्यापुढे ‘बीके’ आणि ‘केएच’ अशी आद्याक्षरे येतात, कधी टिंबांसह तर कधी कंसात. माहिती स्वच्छ करण्याच्या उत्साहात मी कंसातील सर्व मजकूर काढून टाकला आणि दोन गावांचे एक गाव झाले. खानापूर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मलप्रभेकाठचे खानापूर येते. पण सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, आणि नुसते नाव देऊन अक्षांश-रेखांश शोधणारे साधन कोणते खानापूर निवडेल, हे आपल्या हातात राहत नाही.

यावर उपाय एकच. केंद्र शासनाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे. तो दुवा धरावा आणि प्रत्येक भाषेतील नावाला स्वतंत्र रकाना द्यावा. तक्ते जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर ओळी मोजाव्यात, आणि न जुळलेल्या ओळींची वेगळी यादी काढून ती डोळ्यांखालून घालावी. ही मोजणी दोन मिनिटांची असते. मी ती केली नव्हती, म्हणून वगळलेले कंस परत आणण्यात माझे दोन रविवार गेले.

दिसायला एक, आतून दोन

देवनागरीत दोन शब्द पडद्यावर तंतोतंत सारखे दिसूनही संगणकाला वेगळे वाटू शकतात. ‘ॲकॅडमी’ या शब्दातील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यामुळे जुन्या मजकुरात हेच अक्षर ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले सापडते. गावांतील वाचनालये आणि शाळा शोधताना माझ्याकडे निम्म्याच नोंदी येत होत्या, त्याचे कारण हे होते. ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ’सुद्धा दोन प्रकारे साठवला जातो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, म्हणून. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. युनिकोडचे प्रमाणीकरण, ज्याला प्रोग्रामर नॉर्मलायझेशन म्हणतात, ते ‘ऱ’ची ही दोन रूपे एक करते, मात्र ‘ॲ’ची करत नाही. त्या अक्षरासाठी अदलाबदलीचा नियम आपणच लिहावा लागतो. तसेच मजकुरातील न दिसणारी जोडचिन्हे सरसकट पुसू नयेत, कारण काही ठिकाणी ‘र’चे अर्धे रूप त्यांच्याच आधाराने उभे असते.

पायथनमध्ये शब्द वेगळे करण्यासाठी जो नेहमीचा नमुना वापरतात, तो मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्याला ‘येळ्ळूर’ दिले, तर य, ळ, ळ आणि र असे चार सुटे तुकडे हाती येतात. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी फाइलच बिघडली असे समजून ती पुन्हा उतरवून घेतली होती. वास्तविक नमुन्यात देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा युनिकोड क्रमांकांचा पट्टा स्पष्ट लिहिला की शब्द अखंड राहतो. याच ‘येळ्ळूर’मध्ये संगणकाच्या हिशेबाने सात चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ती २१ बाइट घेतात; म्हणून रकान्याची मर्यादा बाइटमध्ये असेल, तर ती इंग्रजी नावांच्या लांबीवरून ठरवू नये. लघुसंदेशातही हाच हिशेब लागतो: इंग्रजीत १६० अक्षरे मावतात, देवनागरीत किंवा कन्नडमध्ये केवळ ७०.

जुन्या छापखान्यांतून आणि कार्यालयांतून आलेल्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे. श्रीलिपी किंवा कन्नडमधील नुडी यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर हा आतून लॅटिन चिन्हांचा असतो. फॉन्ट बदलून तो युनिकोड होत नाही; त्याला रूपांतरकातूनच काढावे लागते आणि त्यानंतर जोडाक्षरे एकेक तपासावी लागतात.

फाइल उघडताना आणि छायाचित्र वाचताना

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलवर दोनदा टिचकी मारून ती स्प्रेडशीटमध्ये थेट उघडू नये. लिब्रेऑफिस उघडताना वर्णसंच विचारते. तेथे यूटीएफ-८ निवडावे. देवनागरीऐवजी विचित्र लॅटिन चिन्हांची रांग दिसली, तर फाइल तशीच बंद करावी, कारण त्या स्थितीत ती जतन केली की चूक कायमची होते. बेळगावचा दूरध्वनी संकेतांक ०८३१ हा संख्या मानला गेला, तर पुढचे शून्य नाहीसे होते; म्हणून तो रकाना आधीच मजकूर म्हणून नेमावा.

पाट्यांची छायाचित्रे टेसरॅक्टने वाचताना मी आरंभी हिंदीचे भाषासंच वापरले. मराठीसाठी आणि कन्नडसाठी त्यात स्वतंत्र संच आहेत, आणि आपल्या द्विभाषिक पाट्यांसाठी दोन्ही एकत्र देता येतात.

नकाशावर मांडताना

बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांश आणि ७४.५० पूर्व रेखांशावर आहे. आपण बोलताना अक्षांश आधी सांगतो, तर जिओजेसन या नकाशाची माहिती साठवण्याच्या प्रकारात रेखांश आधी लिहावा लागतो. हा क्रम उलटला की बेळगाव नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डकडच्या समुद्रात जाऊन पडते. सर्व गावे एकाच वेळी समुद्रात गेली, तर दुसरे काही शोधत बसू नये.

ओपनस्ट्रीटमॅपवर नाव भरताना विशेष संयम हवा. तेथे मुख्य नावाचा एक रकाना असतो आणि मराठी, कन्नड, इंग्रजी यांसाठी वेगळे रकाने असतात. प्रत्यक्ष जागेवर जे आढळते ते नोंदवावे, हे त्या प्रकल्पाचे तत्त्व आहे. आपल्याला प्रिय असलेले नाव मुख्य रकान्यात घालण्यासाठी दुसऱ्याची नोंद पुसली, तर काही दिवसांत ती परत बदलली जाते आणि गावाच्या पानावर केवळ बदलांचा इतिहास वाढतो. मराठी नाव मराठीच्या रकान्यात भरले, तर ते तेथे टिकते. माझ्या अनुभवाने हे रकाने पुष्कळ गावांसाठी अजून रिकामे आहेत. भरण्यापूर्वी मी गावातील दोन वडीलधाऱ्यांना नावाचा उच्चार विचारतो, कारण इंग्रजी तक्त्यावरून ‘ल’ आहे की ‘ळ’ आहे हे कळत नाही.