दुकानाचा विमा होता, तरी बुडालेली कमाई का मिळाली नाही? या चुका टाळा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा गणपती दीड-पावणेदोन महिन्यांवर होते. व्यापाऱ्यांनी सणाचा माल भरायचे हे दिवस. पाणी ओसरलं, पण चिखल उपसणं, वायरिंग बदलणं, फर्निचर करून घेणं, नवा माल आणणं यात आठवडेच्या आठवडे जातात. शटर बंद असतं, तरी गाळ्याचं भाडं, नोकरांचे पगार आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. भिजलेल्या मालाचा विमा निदान काही जणांकडे असतो. या बंद दिवसांचा विमा फारच थोड्यांकडे असतो, आणि असलाच तर ऐन वेळी तो अपुरा निघतो.

या विम्याला ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ म्हणतात. विमा कंपनीत त्याला ‘एफएलओपी’ म्हणतात, म्हणजे फायर लॉस ऑफ प्रॉफिट. नावात आग असली तरी मूळ मालमत्ता पॉलिसीत पूर आणि वादळ धरलेलं असेल, तर तो पुरालाही लागू होतो.

बँकेने विमा काढलाय, मग झालं

कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज, घेताना बँक स्टॉकचा विमा काढायला लावते. तो बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असतो. पॉलिसीत बँकेचं नाव नोंदलेलं असल्याने क्लेमची रक्कमही आधी बँकेकडे जाते. बुडालेल्या कमाईचा त्यात सहसा उल्लेखही नसतो. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी चांगली आहे, पण ती इमारत, यंत्रं आणि मालासाठी आहे. उत्पन्नाचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं.

मूळ पॉलिसीतलं छिद्र

लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी एकटी उभी राहत नाही. आधी मालमत्तेचं नुकसान व्हायला हवं, ते मालमत्ता पॉलिसीत बसायला हवं आणि कंपनीने ते मान्य करायला हवं. जुन्या पद्धतीच्या फायर पॉलिसीत हप्ता कमी करण्यासाठी पूर-वादळाचा भाग वगळता येत असे. कोणी तसं करून ठेवलं असेल तर माल आणि कमाई दोन्हींचे क्लेम जातात. गोडाऊनचा पत्ता पॉलिसीत नसेल, तरी तेच होतं.

याच अटीमुळे आणखी एक निराशा पदरी येते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. ज्यांच्या दुकानात थेंबभर पाणी आलं नाही, त्यांच्याकडेही ना ट्रक पोचला ना गिऱ्हाईक. अशा वेळी साधी पॉलिसी काही देत नाही, कारण तुमच्या मालमत्तेला धक्का लागलेला नसतो. रस्ता बंद झाला किंवा पुरवठादाराच्या कारखान्यात पाणी शिरलं, तर त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते, आणि तिच्या मर्यादाही वेगळ्या असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये देशभरच्या उद्योगांना हीच अट आडवी आली. नदीकाठच्या गावात धंदा असेल तर एजंटला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

‘नफा’ किती धरायचा?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. कापड दुकानाचं उदाहरण घेऊ. वर्षाची विक्री ६० लाख, मालाची खरेदी ४५ लाख, उरले १५ लाख. त्यातले ९ लाख भाडं, पगार आणि व्याजात जातात, मालकाच्या हाती ६ लाख राहतात. विमा काढताना मालक सांगतो, ‘माझा नफा ६ लाख.’ पॉलिसीला मात्र ग्रॉस प्रॉफिट हवा असतो, म्हणजे निव्वळ नफा अधिक धंदा बंद असतानाही चालू राहणारे खर्च. इथे तो १५ लाख.

आता पूर येतो. मागच्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये विक्री २० लाख होती, यंदा ४ लाख. घट १६ लाख. ६० लाखांच्या विक्रीवर १५ लाख ग्रॉस प्रॉफिट, म्हणजे २५ टक्के, म्हणून घटीचे २५ टक्के म्हणजे ४ लाख. पण विमा १५ ऐवजी ६ लाखांचा, म्हणजे ४० टक्केच, आणि भरपाईही त्याच प्रमाणात. हाती येतात १ लाख ६० हजार, आणि वाचलेला खर्च व पॉलिसीत लिहिलेले भरपाई न मिळणारे सुरुवातीचे दिवस त्यातूनही वजा होतात. हप्त्यात वाचवलेल्या थोड्या पैशांसाठी हे फार मोठं मोल आहे. हा आकडा सीएला सोबत बसवूनच काढा.

तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी होते, त्यामुळे सणाचा हंगाम धरला जातो. मात्र कच्च्या पावतीवरची विक्री कुठेच धरली जात नाही. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला येणारा तज्ज्ञ, जीएसटी रिटर्न आणि ताळेबंद बघतो. हिशेबाचा संगणक दुकानातच बुडाला तर अडचण होते, म्हणून बॅकअप गावाबाहेर किंवा क्लाउडवर ठेवा.

मुदत तोकडी

इन्डेम्निटी पीरियड, म्हणजे जितक्या काळाची घट पॉलिसी भरून देते ती मुदत, नुकसानीच्या दिवसापासून मोजतात. पुष्कळ जण तो ‘दुकान उघडेपर्यंत’ असा समजून तीन महिन्यांचा घेतात. दुकान उघडलं तरी तुटलेलं गिऱ्हाईक परत यायला वेळ लागतो, आणि पॉलिसी ती घटही मुदत संपेपर्यंत मोजते. यंत्रं बाहेरून मागवावी लागत असतील तर बारा महिन्यांपेक्षा कमी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी ओसरल्यावर

कंपनीला लगेच कळवा. चिखल उपसण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, भिजलेला माल सर्व्हेअरने पाहण्याआधी फेकू नका. नगरपालिकेने उचलायलाच लावला तर यादी करून ठेवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो जोडावा, पण सर्व्हेअरच्या अहवालाची जागा तो घेत नाही.

हातावर हात ठेवून बसणं हीसुद्धा चूकच. दुसऱ्या गाळ्यात तात्पुरता धंदा सुरू केला तर त्याचा जादा खर्च पॉलिसी देते, फक्त त्यामुळे वाचलेल्या ग्रॉस प्रॉफिटपेक्षा तो जास्त नको. पावत्या जपा. मोठा क्लेम असेल तर अंतिम हिशेब होईपर्यंत काही रक्कम आगाऊ मागा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग तिथे दाद मागू शकतात. फी लागत नाही, वकीलही लागत नाही.