फिट्स फाइलच्या हेडरमध्ये नोंदीला स्वतः ठरवलेलं नाव कसं द्यावं

दुर्बिणीला कॅमेरा लावणाऱ्याच्या संगणकावर फिट्स फाइली (खगोलीय चित्रं आणि मोजमापं साठवायचा फाइलप्रकार) साचतातच. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटाही अभ्यासक फिट्समध्ये बदलून घेतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या फॉरमॅटचा एक हट्ट आहे: एकदा वैध ठरलेली फाइल कायम वैध. म्हणून आज तुम्ही नोंदीला दिलेलं नाव उद्या कुणीतरी वाचणार, हे धरूनच ते ठरवा.

आधी हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा नोंदींचा भाग, उघडून नीट पाहा. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, म्हणजे जुन्या पंचकार्डाएवढी. पहिले ८ रकाने नावाचे, नवव्या-दहाव्यात बरोबरचं चिन्ह आणि मोकळी जागा, पुढे किंमत, म्हणजे त्या नावाची माहिती. तारीख, निरीक्षक, दुर्बीण यांची नावं ठरलेली आहेत, तीच वापरा. दुर्बिणीसाठीच्या 'टेलिस्कोप' शब्दातलं शेवटचं ई आठ अक्षरांत मावेना म्हणून कापलंय. दिसायला वाईट, पण ते तसंच लिहायचं.

नवं नाव लागलंच तर इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर एवढंच वापरा. मध्ये जागा नको, टिंब नको. देवनागरी तर हेडरमध्ये चालतच नाही.

नाव आठ अक्षरांच्या वर गेलं तर पायथन भाषेतलं खगोलशास्त्राचं पॅकेज अ‍ॅस्ट्रोपाय इशारा देऊन ती ओळ 'हायरार्क' या लांब नावांच्या पद्धतीने लिहितं. ही युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची सोय. त्यात नवव्या रकान्यात बरोबरचं चिन्ह नसतं, त्यामुळे ही पद्धत न कळणारा प्रोग्रॅम ती ओळ टिप्पणी समजून पुढे जातो. फाइल उघडते, पण तुमची नोंद त्याच्या हाती लागत नाही. त्यापेक्षा नाव आखूड ठेवा आणि खुलासा किमतीपुढे तिरकी रेघ देऊन लिहा.

फिट्समध्ये तक्तेही ठेवता येतात; त्यांतल्या कॉलमना मोठी नावं चालतात. फक्त कॅपिटल आणि स्मॉल एवढ्याच फरकाची दोन नावं ठेवू नका. नियमाप्रमाणे ती एकच मानावीत असं आहे.

सगळ्यात जपायचं ते जुन्या नावाचा अर्थ बदलताना. तारखेत वर्ष दोनच आकडी होतं, म्हणून १९९७ मध्ये चार आकडी वर्ष आधी लिहायचं ठरलं. नाव तेच राहिलं तरी निभावलं, कारण जुन्या तारखेत तिरकी रेघ असते आणि नव्यात आडवी. तुम्ही मात्र सेकंदांच्या जागी मिनिटं लिहायला लागलात तर आकड्यावरून काहीच कळणार नाही. अशा वेळी जुनी नोंद राहू द्या आणि शेजारी नव्या नावाने दुसरी घाला.

शेवटी फाइल नासाच्या फिट्सव्हेरिफाय या तपासणी प्रोग्रॅममधून तपासा, आणि तुमच्याकडच्या सर्वांत जुन्या प्रोग्रॅममध्येही एकदा उघडून बघा.