सूर्यावरचा बुध गर्दीला कसा दाखवाल : सोलापूरकरांसाठी २०३२ ची तयारी

१३ नोव्हेंबर २०३२, शनिवार. दुपारी १२ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास बुध सूर्यबिंबाच्या पूर्व कडेला टेकेल, २ वाजून २४ मिनिटांनी अर्धी वाट चालून झालेली असेल आणि ४ वाजून ३७ मिनिटांनी तो पलीकडून बाहेर पडेल. मिनिटभर इकडेतिकडे धरा. ग्रह असा सूर्यबिंबासमोरून जातो त्याला अधिक्रमण म्हणतात, आणि हे अधिक्रमण सोलापुरातून पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसणार आहे. ११ नोव्हेंबर २०१९ चे सुरू झाले तेव्हा आपल्याकडे सूर्य नुकताच मावळला होता. ९ मे २०१६ चे सुरू व्हायलाच पावणेपाच होत आले, म्हणजे शेपूट सोडा, धडही पुरते हाती लागले नाही. २०३२ नंतरची संधी ७ नोव्हेंबर २०३९ ला. शुक्राचे म्हणाल, तर २००४ आणि २०१२ ची जोडी होऊन गेली. आता थेट डिसेंबर २११७.

एवढ्या आधी तयारी कशाला, असे वाटेल. कारण हा कार्यक्रम ग्रहणासारखा आखला तर फसतो, आणि आपल्याला सवय ग्रहणाचीच आहे.

आधी आकार समजून घ्या

त्या दिवशी बुध आपल्यापासून सुमारे १० कोटी किलोमीटरवर असेल आणि सूर्य १४.८ कोटींवर. बुधाचा व्यास जेमतेम ४,८८० किलोमीटर. हिशेब केला तर सूर्यबिंबाच्या व्यासात असे १९४ बुध ओळीने बसतील. नुसत्या डोळ्यांना एवढा ठिपका दिसत नाही. सौर चष्मा लावला तरी नाही, कारण चष्मा फक्त उजेड कमी करतो, चित्र मोठे करत नाही. २००४ साली शुक्राचा ठिपका चष्म्यातून दिसला होता, त्याचा दिसणारा व्यास बुधाच्या जवळपास सहापट होता. ती आठवण धरून कोणी हजार चष्मे मागवायला निघाले असेल तर त्यांना थांबवा. तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला चष्म्यातून कोरा नारिंगी सूर्य दिसला, तर तो पुन्हा तुमच्या कार्यक्रमाला येणार नाही.

आरशाच्या तुकड्यावर भोकाचा कागद चिकटवून भिंतीवर सूर्य पाडायची युक्ती ग्रहणात फार छान चालते. इथे ती उपयोगाची नाही. वीस मीटर अंतरावर सूर्य १८-१९ सेंटिमीटरचा पडतो खरा, पण त्याच्या कडा भोकाच्या आकाराएवढ्या पुसट होतात, आणि बुध असतो एक मिलिमीटरचा. तो त्यात विरघळून जातो.

म्हणजे दुर्बीण हवीच. आणि दुर्बीण आली की रांग आली. एका माणसाला पाऊण मिनिट धरा. पोरांना उचलायचे, आजींना वाकायला मदत करायची, ‘दिसलं का?’ विचारायचे, हे सगळे त्यात आले. तासाला ऐंशी माणसे. चार तास सव्वीस मिनिटांत एका दुर्बिणीतून साडेतीनशे. मोठ्या मैदानावर हजार लोक बोलावून दोन दुर्बिणी मांडण्यापेक्षा शहरात चार-पाच ठिकाणी दोन-दोनशेंचे कार्यक्रम करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्घाटनाचे भाषण त्यामुळे आपोआप टळते, हा वरचा फायदा.

जागा

योगायोग असा की सोलापूरचा खरा मध्यान्ह त्या दिवशी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास आहे. म्हणजे बुध टेकेल तेव्हा सूर्य नेमका दक्षिणेला, दिवसातल्या सर्वांत उंच जागी, क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर असेल. तिथे अडथळा सहसा नसतो. घोळ होतो शेवटी. ४:३७ ला सूर्य पश्चिमेपेक्षा नैर्ऋत्येकडे झुकलेला आणि केवळ १५ अंशांवर असेल. हात ताठ करून मूठ धरली की दहा अंश होतात. दीड मूठ म्हणजे काहीच नाही. एक निंबाचे झाड किंवा तीन मजली इमारत पुरे.

होम मैदान, पार्क मैदान, विद्यापीठाचा परिसर की शाळेचे पटांगण, हे नकाशावर ठरवू नका. जागेवर जाऊन बघा, आणि ते जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत बघा. तेव्हा सूर्याची आकाशातली वाट १३ नोव्हेंबरसारखीच असते, फक्त घड्याळ अर्धा तास पुढे धरायचे. म्हणजे २९ जानेवारीला संध्याकाळी ५:०५ ला सूर्य जिथे दिसेल, तिथेच तो अधिक्रमणाच्या अखेरीस असेल. होम मैदानावर तेव्हा गड्डा यात्रेचे पाळणे उभे असले तर ते मनातून वजा करा.

जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी, पोलिसांना पत्र, ध्वनिक्षेपकाची मंजुरी हे दोन महिने आधी उरका. ऐन वेळी जमणार नाही, कारण कार्तिकी एकादशी त्याच सुमारास येते. त्या आठवड्यात जिल्ह्यातला बंदोबस्त आणि निम्म्या एसट्या पंढरपूरच्या वाटेवर असतात. शाळांच्या दिवाळीच्या सुट्ट्याही कदाचित संपायच्या असतील, तेव्हा ‘शाळेतर्फे मुले आणू’ यावर विसंबू नका. पालकांना थेट निरोप द्या.

पडद्यावर सूर्य पाडणे

सगळ्या कार्यक्रमाचा कणा हा. एका वेळी आठ-दहा जण पाहू शकतात, बोटाने दाखवता येते, आणि डोळा दुर्बिणीला लावावा लागत नाही.

भिंगाची साधी दुर्बीण घ्या, ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची. आरसा आणि भिंग दोन्ही असलेल्या आखूड, जाडजूड दुर्बिणी या कामाला अजिबात वापरू नका. त्यांच्या नळीत उष्णता कोंडते आणि आतले भाग खराब होतात. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायच्या टोकाची भिंगे, धातूच्या चौकटीची, जुन्या साध्या बनावटीची असावी. प्लास्टिकची वितळते, आणि भिंगे एकमेकांना चिकटवलेली महागडी नेत्रिका तडकू शकते. या कामाला स्वस्त नेत्रिकाच चांगली.

माप असे : ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण, २० मिलिमीटरची नेत्रिका, आणि नेत्रिकेपासून अर्ध्या मीटरवर पांढरा पुठ्ठा. सूर्य २० सेंटिमीटरचा पडेल आणि बुध एक मिलिमीटरचा. पुठ्ठा पाऊण मीटरवर नेला तर सूर्य ३० सेंटिमीटर, बुध दीड मिलिमीटर; पण चित्र फिके होते. त्यामुळे खरा प्रश्न सावलीचा आहे. दुर्बिणीच्या नळीभोवती मोठ्या पुठ्ठ्याची कॉलर बसवा, म्हणजे थेट ऊन पडद्यावर येणार नाही. त्यावर तीन बाजूंनी झाकायला जाड कापड लागते, आणि ते सोलापुरात शोधायला जायला नको. घरातली गडद रंगाची चादर बांबूच्या चौकटीवर टाका. आत डोके घालून बघणाऱ्याला ठिपका स्पष्ट दिसतो.

सूर्य धरताना नळीतून बघायचे नाही. जमिनीवर नळीची सावली बघा; ती सर्वांत लहान आणि गोल झाली की दुर्बीण सूर्याकडे रोखलेली असते. मुख्य नळीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण आदल्या रात्रीच काढून घरी ठेवा. टोपण लावून भागत नाही, कोणीतरी ते काढतेच.

पृथ्वी फिरत असल्याने सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. म्हणून एक माणूस सतत दुर्बीण सूर्यावर आणत राहील. सूर्य पडद्यावर ज्या बाजूला सरकत जातो ती पश्चिम. बुध तिच्या विरुद्ध बाजूने आत येईल. पडद्यावर चित्र उलटसुलट असते, त्यामुळे हे आधी खुणा करून ठेवले नाही तर सगळे भलत्याच कडेवर डोळे लावून बसतात. दर दहा मिनिटांनी मिनिटभर नळीचे तोंड झाकून नेत्रिका थंड होऊ द्या.

आणि दुर्बिणीपाशी कायम एक जबाबदार माणूस. बदली आल्याशिवाय तो चहालाही जाणार नाही. पडद्यावर चित्र दिसत असतानाही एखादा मुलगा ‘इथून बघू का?’ म्हणत नेत्रिकेला डोळा लावायला वाकतो. पडदा आणि नेत्रिका यांच्यामध्ये कोणाचे डोके जाणार नाही अशी दोरी बांधा.

गाळणीची दुर्बीण

डोळा लावून बघायची हौस असतेच, तिच्यासाठी दुसरी दुर्बीण. सौर गाळणी, म्हणजे सूर्याचा उजेड कमी करणारा फिल्टर, नळीच्या तोंडाला, सूर्याच्या बाजूला बसते. नेत्रिकेत बसवायची छोटी काळी काच जुन्या दुर्बिणींसोबत मिळते, ती फेकून द्या. उष्णतेने ती एका क्षणात तडकू शकते. सौर चष्मा घालून बिनगाळणीच्या दुर्बिणीत बघणे तर डोळा गमावणेच आहे : एकवटलेला उजेड चष्म्याची पातळ फिल्म जाळून आत शिरतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांचा तर विषयच नको.

गाळणी सकाळी दिव्यासमोर धरून भोक तपासा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावा. दुपारचा वारा ती उडवू शकतो. चित्र पन्नासपटीच्या आसपास मोठे होईल असे ठेवा. याच दुर्बिणीला मोबाइल जोडून चित्र मंडपातल्या टीव्हीवर सोडता येते. टीव्हीपुढे गर्दी जमते, पण समाधान पडद्यावरच होते असे दिसते. कागदावरच्या ठिपक्याला लोक ‘हाच का तो?’ म्हणतात, टीव्हीवरच्याला विचारतात, ‘हे लाइव्ह आहे ना?’

रांगेत उभ्या असलेल्यांशी बोला

दुर्बिणीपाशी कमी बोला, रांगेत जास्त. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे कार्यकर्ते हवेतच; कन्नड आणि उर्दूचेही हवेत. तीच माहिती घरच्या भाषेत ऐकली की आजीबाई प्रश्न विचारतात.

सांगायला भरपूर आहे. बुधाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी ७ अंश कललेली आहे, म्हणून तो एरवी सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. शतकात तेरा-चौदा वेळाच, तेही मे किंवा नोव्हेंबरात, नेमका समोरून जातो. खगोलशास्त्रज्ञ केपलरने भाकीत केले आणि ७ नोव्हेंबर १६३१ ला पॅरिसमध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गासेंदीने तो पहिल्यांदा पाहिला. तेव्हा केपलर हयात नव्हता. वीस वर्षांनी, १६५१ मध्ये, जेरेमाया शेकर्ली या इंग्रज खगोलनिरीक्षकाने बुधाचे अधिक्रमण सुरतेहून पाहिले. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर बुध पाहताना खगोलशास्त्रज्ञ हॅलीला सुचले की अशा वेळा वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजून सूर्याचे अंतर काढता येईल. आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तिका लिहिली. तुम्ही मैदानात करताय ते काम आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी सुरू झालेले आहे.

‘गर्भवतीने बघावे का?’, ‘आधी जेवावे का?’ हे प्रश्न येतील. हसू नका, वादही घालू नका. सोलापूर पंचांगकर्त्यांचे गाव. पंचांगच उघडून दाखवा. त्या दिवसांत बुध वक्री आणि अस्तंगत दिलेला असतो. अस्तंगत म्हणजे सूर्याच्या इतका जवळ की दिसत नाही, आणि आज तो सूर्यासमोरच दिसतोय, एवढे सांगितले की पुढचे संभाषण चांगले होते.

त्या दिवशी

अकराला मांडणी पूर्ण, साडेअकरापासून लोकांना नुसता सूर्य दाखवायला सुरुवात. सौरडाग असतील तर फार बरे. डाग कमी-जास्त होण्याच्या चक्रातला, म्हणजे सौरचक्रातला, गेला किमान काळ डिसेंबर २०१९ चा आणि चक्र सुमारे अकरा वर्षांचे, तेव्हा २०३२ मध्ये डाग थोडेच असण्याची शक्यता आहे. डाग वेडावाकडा, कडेला करडा. बुध गोल, काळाकुट्ट आणि तासाभरात सरकलेला.

१२:०५ ला सगळे बोलणे बंद. कड चावल्यासारखी दिसायला काही सेकंद जातात. पुढच्या दोन मिनिटांत ठिपका पूर्ण आत येतो. आत येताना तो कडेला काळ्या थेंबासारखा चिकटलेला दिसतो आणि मग सुटतो. तो सुटण्याचा क्षण मोबाइलच्या घड्याळावर टिपायचे काम आठवी-नववीच्या मुलांना द्या. दर अर्ध्या तासाला कागदावर ठिपक्याची जागा पेन्सिलीने मांडा. मध्याच्या उत्तरेकडून जाणारी सरळ रेषा तयार होते. एक ते साडेतीन हा निवांत वेळ, गर्दी तेव्हा बोलवा. नोव्हेंबरातही सोलापूरची दुपार तापते. मंडप आणि पाणी लागेलच.

४:३५ नंतर बुध कडेला लागेल. तो बाहेर पडला की पहिले काम दुर्बिणींची तोंडे झाकणे, आभारप्रदर्शन नंतर.

सराव आणि ढग

२१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती सूर्यग्रहण आहे, सोलापुरात ते खंडग्रास दिसेल. तीच सामग्री, तेच कार्यकर्ते, तीच दोरी घेऊन त्या दिवशी पूर्ण सराव करा. उन्हाची परीक्षाही होईल.

नोव्हेंबरात आपले आकाश बहुधा कोरडे असते, पण बंगालच्या उपसागरात वादळ उठले की ढग इथवर येतात. कार्यक्रम रद्द करू नका. चार तासांत वीस मिनिटे उघडीप मिळाली तरी बुध दिसतो, कारण तो तिथेच असतो. दुर्बीण सूर्याच्या अंदाजाने रोखून ठेवा, नळी झाकलेली ठेवा, आणि ढग विरळ होताना गाळणी काढून ‘आता दिसतंय’ म्हणणाऱ्या उत्साही माणसाला दुर्बिणीपासून दूर ठेवा. दुसऱ्या शहरातल्या एखाद्या मंडळाशी आधीच ठरवून त्यांचे थेट चित्र टीव्हीवर मिळेल अशी सोय करा, आणि ती आदल्या दिवशी एकदा जोडून बघा.