आयरिश शिकवायचंय? आधी क्रेडिट मोजा

मी डब्लिनमध्ये गणित शिकवते, आता आयरिश भाषेसाठीही शिक्षक म्हणून नोंदणी करायची आहे. तुमचाही तोच बेत असेल, तर आधी पदवीच्या गुणपत्रिका बाहेर काढा. माध्यमिकसाठी टीचिंग काउन्सिल (आयर्लंडमध्ये शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था) त्या विषयाचे किमान 60 ईसीटीएस क्रेडिट (युरोपात अभ्यासाचा भार मोजायचं एकक) मागते. नुसतं फाडफाड बोलून भागत नाही. कमी पडले तर विद्यापीठात अर्धवेळ कोर्स करा, पण फी भरण्याआधी तो चालेल का, हे काउन्सिलला लेखी विचारा. मेनूथ विद्यापीठाची टेग परीक्षा भाषेची पातळी दाखवते, क्रेडिटची जागा घेत नाही.

लीव्हिंग सर्टला (आपली बारावीच म्हणा) आयरिशच्या तोंडीला 40 टक्के गुण, म्हणून नोंदणीसाठी लागणारा आयरिशभाषक भागातला मुक्काम कागदापुरता उरकू नका. अशाच एका भागातल्या, कॉनमारातल्या माझ्या घरमालकीणबाईंकडे साखरसुद्धा आयरिशमध्येच मागावी लागे. सुरुवातीला चहा बिनसाखरेचाच प्यायले.