शुक्राच्या ओढीने यानाचा मार्ग कसा आखावा

धुरा ओलांडला की वावराचा मालक बदलतो. ग्रॅव्हिटी असिस्टचा, म्हणजे ग्रहाजवळून जाताना त्याच्या ओढीने यानाचा मार्ग आणि वेग बदलण्याचा, कच्चा आराखडाही असाच मांडायचा: शुक्रापासून सुमारे ६.१६ लाख किमीच्या आत फक्त शुक्राचं गुरुत्व, बाहेर फक्त सूर्याचं. खरं आकाश इतकं सरळ नाही, पण सुरुवातीला एवढं चालतं.

आधी ग्रहस्थितीची फाइल उतरवून ठेवा. खेड्यातल्या नेटवर दर वेळी ऑनलाइन विचारत बसणं परवडत नाही. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची डीई४४०एस ही छोटी आवृत्ती पुरते. तिच्यात स्थिती सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापासून असते, सूर्यापासून नव्हे. म्हणून सूर्याची स्थिती आणि वेग, दोन्ही वजा करा. इथेच बरेच जण फसतात.

मग निघण्याच्या आणि पोचण्याच्या तारखा ५-५ दिवसांनी घेऊन प्रत्येक जोडीला लॅम्बर्टचं गणित (दोन जागा आणि मधला वेळ दिला की त्यांना जोडणारी कक्षा काढायची) सोडवा, आधी पृथ्वी ते शुक्र, मग शुक्र ते पुढचा ग्रह. पहिल्या टप्प्याचं चक्र ५८४ दिवसांनी फिरून येतं, तेवढा पट्टा घ्या. लाइन कधी जाईल नेम नाही, तेव्हा एका जोडीचं गणित सुटलं की तिची ओळ लगेच फाइलीत लिहा. दोन टोकांमधला सूर्याभोवतीचा कोन १८० अंशांजवळ आला की कक्षेचं प्रतल नीट ठरत नाही आणि आकडे उसळतात. त्या ओळी टाकून द्या.

खरी चाळणी पुढे. यानाच्या वेगातून शुक्राचा वेग सदिश पद्धतीने, म्हणजे दिशा धरून, वजा करा. उरलेला वेग येताना आणि जाताना सारखाच हवा, कारण शुक्र फक्त दिशा वळवतो. ०.१ किमी/सेकंदापर्यंतचा फरक चालेल. वळण असं काढा (वेग म्हणजे हा उरलेला वेग, ३,२४,८५९ हा शुक्राच्या गुरुत्वाचा ठरलेला आकडा):

साइन (अर्धं वळण) = १ ÷ (१ + अंतर × वेग² ÷ ३,२४,८५९)

वेग ६ किमी/सेकंद, शुक्राच्या पृष्ठभागापासून उंची ३०० किमी धरा. अंतर केंद्रापासून, म्हणजे शुक्राची त्रिज्या ६,०५२ + ३०० = ६,३५२ किमी. वळण सुमारे ७२ अंश, वेगातला बदल ७ किमी/सेकंद. उंची ३,००० किमी केली तर ६० अंश आणि ६ किमी/सेकंद. ३०० किमीला त्रिज्या मिळवायची राहिली तर सुमारे १५१ अंश दिसतात. असा गोड आकडा दिसला की आधी बेरीज तपासा. ३०० किमीवर मिळतं त्याहून जास्त वळण लागत असेल तर ती जोडी बाद.

शुक्र ज्या दिशेने चाललाय त्याच्या मागून गेलात तर सूर्याभोवतीचा वेग वाढतो, पुढून गेलात तर घटतो. बुधाकडे जायला घटच हवी. १९७४ मध्ये नासाच्या मरिनर १० यानाने तेच केलं.

उरलेल्या जोड्या १ दिवसाच्या अंतराने पुन्हा चाळा आणि शेवटच्या दोन-तीन नासाच्या जीमॅट या फुकट मिळणाऱ्या मार्ग-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ग्रहांचं गुरुत्व धरून चालवून पाहा.