पाटीवर ‘भाकऱ्या’ नीट बसल्या का? बेळगावकडच्या छोट्या धंद्यासाठी फाँट निवडताना

शहापुरातल्या एका काकूंचा कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. दाराची पाटी, पाकिटाचं लेबल आणि व्हॉट्सॲप स्टेटसची चित्रं अशी तिन्ही कामं घेऊन त्या माझ्याकडे आल्या. पहिलंच वाक्य, ‘‘दादा, झकपक दिसाय पायजे बघा.’’ मी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करतो; टेबलावर हे रोज ऐकतो. झकपक म्हणजे कसं, असं विचारलं की माणसं समोरच्या एखाद्या फ्लेक्सकडे बोट दाखवतात: पाच फाँट, सात रंग, प्रत्येक अक्षराला पांढरी कड आणि मागं सावली. काकूंचं काम शेवटी कसं झालं ते पायरीपायरीनं सांगतो. तुमचा धंदा पापडाचा असो की शिलाईचा, क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: मजकूर वहीत लिहा

फाँटची यादी उघडायच्या आधी काय लिहायचं ते ठरवा आणि त्यातलं अर्धं खोडा. काकूंच्या पाटीवर नाव, ‘कडक भाकऱ्या, शेंगा चटणी’ आणि फोन नंबर एवढंच राहिलं. ‘लग्न, मुंज, बारसे यासाठी ऑर्डर घेतल्या जातील’ ही ओळ पाकिटाच्या मागं गेली. खडेबाजारातून गाडीवर जाणारा माणूस पाटीकडे दोन सेकंद बघतो, तेवढ्यात मुंजीपर्यंत कोण पोचणार?

दुसरी पायरी: अवघड शब्दावर फाँट तपासा

बहुतेक जण दुकानाचं नाव टाईप करून फाँट पसंत करतात. पण नावं सोपी असतात. कुठल्याही फाँटात बरी दिसतात. तुमच्या मजकुरातला सगळ्यात आडमुठा शब्द टाकून बघा. काकूंकडे तो आयताच होता: भाकऱ्या. त्यातला ‘ऱ्या’ मराठीचा खास. हिंदीत तो लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढं ठेवून केलेल्या काही फाँटांत तो नीट बसत नाही. कधी चूक फाँटाची नसून आपली असते. साधा र, हलन्त आणि य दाबलं की रफार होतो आणि भाकरीची ‘भाकर्या’ होते. कीबोर्डवर खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ असतो, तो घ्यायचा.

त्याच ओळीत ल, श, ५ आणि ८ सुद्धा लिहून बघा. मराठी आणि हिंदी वळणात इथं फरक असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या गिऱ्हाइकाला तो लगेच खटकतो, भले त्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही. ‘टिरो देवनागरी’ या फाँटाच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत त्या याचसाठी. लेबलावरच्या बारीक मजकुराला तो फार देखणा दिसतो.

तिसरी पायरी: कन्नड भावंड शोधा

पुण्या-कोल्हापूरच्या दुकानदाराला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, तीही वरच्या भागात. पण कायदा बाजूला ठेवला तरी काकूंचं निम्मं गिऱ्हाईक ‘जोळद रोट्टी’ (कन्नडमध्ये ज्वारीची भाकरी) म्हणतच दारात येतं. मग कन्नड ओळ नाइलाजानं ठोकल्यासारखी का दिसावी? वर कुठला तरी मिळेल तो कन्नड फाँट आणि खाली नक्षीदार मराठी, अशी पाटी दोन वेगळ्या दुकानांची वाटते.

उपाय सोपा आहे. एकाच घराण्यातले फाँट घ्या. ‘अनेक’ या मालिकेत नऊ भारतीय लिप्या आणि रोमन एकाच हातानं काढल्यासारख्या आहेत, आणि अक्षराची रुंदी कमी-जास्त करता येते. कन्नड शब्द लांबला की ते फार कामाला येतं. गुबगुबीत, घरगुती चेहरा हवा असेल तर देवनागरीसाठी ‘बालू २’ आणि कन्नडसाठी ‘बालू तम्मा २’. साधं, गंभीर काही हवं तर ‘नोटो सॅन्स’ दोन्ही लिप्यांत आहे. हे सगळे गूगल फाँट्सवर फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरायची मुभा आहे.

दोन्ही ओळींना आकड्यानं सारखा आकार देऊन सोडू नका, नजरेनं जुळवा. देवनागरी शिरोरेघेला लटकते, कन्नड अक्षर गोल आणि ऐसपैस असतं. शिवाय कन्नड जोडाक्षराचा दुसरा भाग पहिल्याच्या खाली उतरतो. ‘रोट्टी’तला दुसरा ट खाली येतो आणि पुढच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन भिडतो. म्हणून ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवा.

इथं माझी एक फजिती सांगतो. पहिल्यांदा फोटोशॉपमध्ये ही ओळ टाकली तेव्हा भारतीय लिप्यांचं सेटिंग मी सुरूच केलं नव्हतं. ट खाली न उतरता हलन्त घेऊन शेजारी उभा राहिला. मला कन्नड वाचता येतं, तरी घाईत दिसलं नाही. फ्लेक्स छापून आल्यावर समोरच्या अण्णांनी शांतपणे विचारलं, ‘‘हे रोट्टी हाय की रोट टी?’’ दुसरा फ्लेक्स माझ्या खर्चानं.

चौथी पायरी: सजावट आवरा

एक फाँट ठळक नावासाठी, एक बाकीच्यासाठी. तिसरा नको. नावासाठी थोडी गंमत चालते. मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ मराठी नावाला छान शोभतो, फक्त त्याचं कन्नड भावंड नाही. कॅनव्हा या चित्रं बनवायच्या ॲपमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायची पट्टी असते, तिला देवनागरीत हात लावू नका. शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

रंगांचं आपल्याकडे जरा नाजूक असतं. लाल-पिवळा (कन्नड झेंड्याचा) आणि भगवा (मराठी बाजूचा) इथं नुसते रंग राहत नाहीत, कर्नाटक राज्योत्सवाचा १ नोव्हेंबर जवळ आला की तर नाहीच. मी काय करतो, रंग मालातून उचलतो. काकूंच्या पाकिटाला भाकरीचा पांढुरका रंग, त्यावर गडद तपकिरी अक्षरं, आणि चटणीचा विटकरी फक्त एका पट्टीला. गडदावर फिकं किंवा फिक्यावर गडद. लाल जमिनीवर हिरवी अक्षरं डोळ्याला नाचतात.

पाचवी पायरी: लेबल आणि फाईल

खाद्यपदार्थाच्या लेबलावर कायद्यानं लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते; मराठी आणि कन्नड त्याच्या जोडीला. घटक, वजन, तारीख आणि परवान्याचा १४ आकडी क्रमांक यासाठी सगळ्यात साधा फाँट घ्या. हस्ताक्षरासारखा ‘कलम’ इथं नको.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखा दिसणाऱ्या पद्धतीत, टाईप करा. जुन्या डीटीपी फाँटातला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की किडामुंगी होते. छापखान्याला पीडीएफ द्या, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे रेषांच्या आकारात) बदलून, म्हणजे त्यांच्याकडे तो फाँट नसला तरी बिघडत नाही. चित्र व्हॉट्सॲपनं पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की धूसर होतं. स्टेटससाठी १०८० बाय १९२० पिक्सेल हे माप.

सहावी पायरी: शटरला कागद चिकटवा

ठोकताळा असा, दर १० फुटांना निदान एक इंच उंचीचं अक्षर. पण ठोकताळ्यावर विसंबू नका. पाटीतल्या ओळी खऱ्या मापात साध्या कागदांवर छापा, शटरला चिकटवा आणि रस्त्यापलीकडे जाऊन वाचा. उन्हात एकदा, दिवेलागणीला एकदा. आणि ज्याला मजकूर माहीत नाही अशा माणसाकडून वाचून घ्या, मराठी एकाकडून, कन्नड एकाकडून.

काकूंच्या शटरवर कागद लावले तेव्हा मी परत त्याच अण्णांना बोलावलं. रोट्टी त्यांनी बरोबर वाचली. मग म्हणाले, ‘‘खरं नंबर कुठं हाय?’’ नंबर मी विटकरी पट्टीवर तपकिरी अक्षरात टाकला होता. तो पांढरा केला, आणि पट्टीसकट चार इंच वर घेतला.