कोकणातल्या जुन्या घरासाठी वायरमन निवडताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून नेलेली वायरिंग अजूनही आढळते. पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात, पट्टी फुगते, तारांवरचे जुने रबर तडकते आणि किनाऱ्यालगतची खारी हवा जोडांवर गंज चढवते. अशा घरासाठी स्वस्तात आणि लगेच येणारा वायरमन पुरेसा नाही. ओलीमुळे वीज कुठे गळते आहे, हे मोजून दाखवणारा माणूस हवा.

काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडेच द्यावे आणि परवाना प्रत्यक्ष पाहावा. महावितरणचा जनमित्र (लाइनमन) कितीही ओळखीचा असला, तरी मीटरपुढची घरातली जोडणी हे त्याचे काम नव्हे.

पहिल्याच भेटीत मेगर, म्हणजे तारांच्या आवरणाचा (इन्सुलेशनचा) रोध मोजणारे यंत्र आहे का, ते विचारावे. मेन स्विच बंद करून आणि सर्व उपकरणे व दिवे काढून 500 व्होल्टवर तारांचा इन्सुलेशन रोध मोजला, तर तो किमान 1 मेगाओहम भरला पाहिजे. ही तपासणी ऐन पावसात करून घ्यावी, कारण उन्हाळ्यात ठीक दिसणारी तार श्रावणात नापास होऊ शकते. अर्थिंगचे मात्र उलट आहे: जांभ्यात पाणी ठरत नाही, त्यामुळे मे महिन्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि त्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर काढावे.

दुसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: ‘पावसात आरसीसीबी वारंवार पडू लागला तर काय कराल?’ जो ‘तो बायपास करून देतो’ म्हणेल, त्याला घरात काम देऊ नये. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच विजेची गळती ओळखून पुरवठा तोडतो, म्हणजे तो पडतो तेव्हा आपले काम चोख करत असतो. जाणकार माणूस एकेक सर्किट वेगळे करून दोष शोधतो, आणि तो बहुधा न्हाणीघरातल्या गिझरमध्ये, पंपाच्या वायरीत किंवा पडवीतल्या स्विचबोर्डात सापडतो.

अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात तांब्याच्या तारांची जाडी नमूद करून घ्यावी: दिव्या-पंख्यांना 1.5, मोठ्या सॉकेटला 2.5 आणि गिझरला 4 चौरस मिलिमीटर. ओल धरणाऱ्या भिंतीत झिरी पाडून तारा गाडण्यापेक्षा पीव्हीसी केसिंग-कॅपिंगमधून (झाकणाच्या प्लॅस्टिक पट्टीतून) भिंतीवरूनच न्याव्यात. ते थोडे कमी देखणे दिसते, पण दोष शोधायला भिंत फोडावी लागत नाही. जुनी अॅल्युमिनियमची तार नव्या तांब्याला नुसती पिळून, वर टेप गुंडाळून जोडू देऊ नये.

मजुरीचा काही भाग मागे ठेवण्याचे आधीच ठरवून घ्यावे आणि मेगरची व अर्थिंगची मापे, तारीख व सही असलेला कागद हाती पडल्यावरच तो चुकता करावा.